मुकी हळद

आमच्या हिरावहिनीचा आवाज मी पुसला. कॉम्प्युटरवर, स्वतःच्या हाताने, शेजारी चहाचा कप ठेवून. वर काम किती स्वच्छ झालं म्हणून स्वतःशीच मान डोलावली. गुन्हा कबूल करायचाच तर असा पहिल्या ओळीत करून टाकावा. मागाहून केला, तर तोवर लोकांना आपला लळा लागलेला असतो आणि त्यांना धड ओरडताही येत नाही.

तुळशीचं लग्न लागलं की मला घरात बसवत नाही. आम्ही पनवेलला तिसऱ्या मजल्यावर राहतो. कार्तिक सरत आला की चहूबाजूंनी हळदीचे आवाज यायला लागतात. खाडीकडच्या वाऱ्यावर एक गाणं, हायवेच्या अंगाने दुसरं, आणि दोन्हींच्या मधे आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरत असतात. मी उगाच उठते. धुतलेली झाकणं पुन्हा धुते. डाळींचे डबे उंचीप्रमाणे लावते, मग तेच रंगाप्रमाणे लावते. गॅलरीत जाते, कुंडीतली माती उकरते, आत येते, परत बाहेर जाते. आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणतात, "आली वाटतं लग्नसराई अंगात."

यंदा नातीने कहर केला. ती कॉलेजात जाते. सोफ्यावर मांडी घालून मैत्रिणीच्या ताईच्या हळदीचा व्हिडिओ फोनवर कापत बसली होती. ज्या कामासाठी मी एके काळी मान आखडून घेतली, ते ही पोर एका अंगठ्याने, दूध उतू जायच्या आत करते. मला म्हणाली, "आजी, मागे बायकांचा नुसता कलकलाट आलाय. म्यूट करते आणि वर गाणं टाकते."

"नको!" मी अशी किंचाळले की तिच्या हातातला फोन उशीवर पडला.

"अगं, काय झालं?"

"बायका काय बोलतायत ते आधी ऐक."

तिने कानाशी धरून ऐकलं. "कोणीतरी विचारतंय, भात उतरला का."

"मग राहू दे ते."

"आजी, भाताचं काय ठेवायचंय?"

आता हिला काय सांगू? भाताचंच ठेवायचं असतं, हे कळायला मला वहिनीचा गळा जावा लागला.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. नेरे गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी माझं माहेर, आणि तिथली ती धवलारीण. आम्हा आगरी लोकांच्या लग्नात धवलारणीशिवाय पान हलत नाही. भटजी येतात, मंगलाष्टकं म्हणतात, दक्षिणा घेऊन जातात. पण मांडवात उंबराची डहाळी रोवायची तर धवला, हळद कुटायची तर धवला, नवऱ्यामुलाला तेल लावायचं तर धवला. प्रत्येक कामाचं वेगळं गाणं, आणि ते उचलल्याशिवाय कोणी कामाला हात लावायचा नाही. गाणी कुठे लिहिलेली नाहीत. वहिनीला ती तिच्या सासूने, म्हणजे माझ्या आईने शिकवली. मला का नाही शिकवली? मी कुठे मागितली! मी तेव्हा बीजगणित सोडवत होते.

वहिनीचा आवाज गोड बिड नव्हता. जाड होता, जरा खरबरीत, नव्या सुंभासारखा. ओळीच्या शेवटचा स्वर ती लांबवत न्यायची, आणि तोडायची नाही. डोक्यावरचा हंडा उतरवून अलगद चुंबळीवर ठेवावा, तसा ठेवायची. मग बाकीच्या बायका तो तिथून उचलायच्या. लहानपणापासून ऐकत आलेय असं मला वाटायचं. खरं तर ऐकत नव्हतेच. पंख्याचा आवाज आपण ऐकतो का? तो बंद पडला की ऐकू येतो.

आणखी एक. वहिनी मांडवाबाहेर कधी गायची नाही. एकदा लावणीच्या चिखलात मी गमतीने म्हटलं, "वहिनी, एक धवला होऊन जाऊ दे." तर तिथल्या तिथे रोप माझ्याकडे उगारून म्हणाली, "मांडव नाय त धवला नाय. देवाला फुकट उठवू नको." त्यामुळे तिचा आवाज पकडायचा तर हळदीतच. आणि गावातल्या व्हिडिओवाल्यांनी तोवरच्या यच्चयावत हळदींवर सिनेमाची गाणी चढवून ठेवलेली. कोणत्याही कॅसेटमध्ये बघा, वहिनी तोंड उघडते आणि आतून कुठला तरी पार्श्वगायक बाहेर येतो. मी त्यांना नावं ठेवायची. "काही अभिरुची नाही हो या लोकांना," असं मी म्हणायची. अभिरुची! हा शब्द तेव्हा माझ्या पर्समध्येच असायचा, रुमालाच्या शेजारी.

ज्या हळदीबद्दल मी सांगतेय, ती दोन हजार सालानंतरच्या त्या पहिल्या काही वर्षांतली. मी शाळेतून निवृत्त झाले होते. मुलाने हौसेने घरात कॉम्प्युटर घेतला, हॅन्डीकॅम घेतला आणि लगेच नोकरीसाठी बंगळूरला निघून गेला. जाताना म्हणाला, "आई, नुसती पडून राहतील ही यंत्रं, तू वापर." मी मनावर घेतलं. कॉम्प्युटरला जुन्या पडद्याचा झालरवाला अंगरखा शिवला. एका क्लासला नाव घातलं. तिथे सगळी मुलं माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची, काही तर विद्यार्थीच. मी शिरले की त्यांच्या पाठी आपोआप ताठ व्हायच्या. परीक्षेत पहिली आले आणि ही बातमी दूधवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगितली. डॉक्टरांना सांगताना माझ्या तोंडात त्यांची नळी होती, तरी सांगितली. तेव्हाची ती बाई आज माझ्या दारात आली, तर मी साखळी न काढता फटीतूनच बोलेन तिच्याशी.

तर अशा त्या बाईने भाच्याची हळद चित्रित केली. भाचा म्हणजे वहिनीचा थोरला, नितेश. अंगण सारवलेलं होतं. उखळात हळकुंडं फुटत होती आणि तो कडवट, मातकट, पिवळा वास नाकात चढत होता. मागच्या शेतात पोरांनी पोपटी लावली होती. मडक्यातल्या वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला यांचा धूर मधूनच मांडवात शिरायचा. पेंढ्याच्या उडव्यांवर ऊन. मुसळ वरखाली, बांगड्या वरखाली, आणि मधे वहिनी, नऊवारीचा काष्टा घट्ट मारून, डोळे मिटून गात होती. मी तिच्याभोवती हॅन्डीकॅम घेऊन माशीसारखी घोंघावत होते. तिने मधेच डोळे उघडून माझ्यावर काहीतरी खेकसलं. मी लक्ष दिलं नाही. कलाकार कामात असताना लक्ष देत नसतो.

मग सुरू झालं ते जोडकाम. त्या काळी कॉम्प्युटरबरोबर आयताच एक साधा प्रोग्राम मिळायचा. खाली आडव्या पट्ट्या असायच्या: एक चित्राची, एक चित्राबरोबर आलेल्या आवाजाची, एक आपण वरून घालू त्या संगीताची. चित्र कात्रीने कापा, मागेपुढे सरकवा, दोन तुकड्यांच्या मधे गंमत घाला. गंमत म्हणजे पान उलटतं, काच फुटते, चक्री फिरते, बदामाच्या आकारात दृश्य मिटतं. मला त्यातली एकही सोडवेना. हळदीची वाटी काच फुटून आली. माझा भाऊ चक्रीतून गरगरत अवतरला. मांडवाच्या कडेला गोठ्यातला बैल रवंथ करत होता, तो बदामातून हळूहळू प्रकट झाला, जणू नवरदेव तोच. व्हिडिओवाल्यांना नावं ठेवणारी ती मीच, बरं का.

दुपारभर मी खुर्चीला चिकटलेली असे. जेवण झाकून ठेवलेलं, पाय बधिर. आणि भारनियमन! तासाभराची मेहनत झाली की पंखा गपकन थांबायचा, पडदा काळा व्हायचा आणि मी अंधारलेल्या काचेत माझंच तोंड बघत बसायची. दिवे आले की पुन्हा पहिल्यापासून. आमचे हे म्हणायचे, "नितेशचं लग्न लागून महिना झाला, तुझी हळद काही निघेना."

आता त्या आवाजाचं. प्रोग्राममध्ये एक सरकती खूण होती. एका टोकाला नेली की चित्राबरोबरचा मूळ आवाज पूर्ण, दुसऱ्या टोकाला नेली की वरचं संगीत पूर्ण. मधे ठेवता यायची. हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. मूळ आवाजात वहिनी होती, पण त्याचबरोबर कुत्रं होतं, रडणारं पोर होतं, मिक्सर होता, "भात उतरला का गो" होतं. मी खूण धरली आणि पार टोकाला नेऊन टेकवली. वर एक सीडीवरची बासरी घातली. मंद, थंडगार, दवाखान्यात वाट बघताना लावतात तसली.

एवढंच असतं तर मी त्याला अडाणीपणा म्हणून सोडून दिलं असतं. पण ते एवढंच नव्हतं. सीडी मला सोसायटीतल्या बायकांना दाखवायची होती, आणि बंगळूरला मुलाच्या नव्या सासुरवाडीलाही पाठवायची होती. त्यांना आमचं हाय-नाय, आमच्या बायकांचं ते एकमेकींवर ओरडून प्रेम करणं, ते ऐकू गेलेलं मला नको होतं. चित्र चालेल; पिवळ्या साड्या, फुलं, उखळ, सगळं छान दिसतं. फक्त आवाज नको. कुत्र्याचं आणि मिक्सरचं मी निमित्त केलं. शाळेत मीच शिकवायची ना, पायरी लपवली की गुण कापते म्हणून. ही माझी लपवलेली पायरी.

सोसायटीत खूप कौतुक झालं. एक बाई म्हणाल्या, "किती शांत वाटतं हो बघताना." मी लाजले.

गावातही सीडी दिली. ओटीवर टीव्हीसमोर सगळे बसले. बैल बदामातून आला तेव्हा पोरं लोळली. मग वहिनी पडद्यावर आली, तोंड उघडून, डोळे मिटून, आणि तिच्या तोंडातून बासरी यायला लागली. वहिनी जराशी पुढे सरकली. मान तिरकी करून ऐकलं.

"मास्तरीण," ती म्हणाली, "बासरी कोन वाजवतंय? आपल्या मांडवात त कोन नव्हता."

"वहिनी, त्याला पार्श्वसंगीत म्हणतात."

"आसं," ती म्हणाली आणि उठून चुलीकडे गेली.

हा किस्सा मी पनवेलला येऊन चारचौघांत सांगितला. हसून सांगितला. "बासरी कोन वाजवतंय!" नक्कलसुद्धा केली. आजही लग्नसराईत कुठून तरी बासरी कानावर आली ना, की मी ज्या खोलीत असेन तिथून दुसऱ्या खोलीत जाते. घर लहान आहे. फार लांब जाता येत नाही.

त्यानंतर क्लासात बक्षीस समारंभ झाला. पहिली आलेली म्हणून मला बोलायला सांगितलं होतं. नवी टेप आणायची विसरले, तर हॅन्डीकॅममध्ये हळदीची होतीच. म्हटलं, हळदीची आता सीडी झाली, या टेपचं काय काम? यांना कॅमेरा धरायला लावला आणि हळदीवर माझं भाषण उतरवलं. 'शिकण्याला वय नसते' या विषयावर. कॉम्प्युटरमधलीही मूळ फीत मी काढून टाकली, कारण ती फार जागा खात होती. सगळं कसं आवरलं-सावरलं. गणिताच्या बाईंना पसारा खपत नाही.

पुढच्या लग्नसराईच्या तोंडावर वहिनीच्या गळ्यात गाठ निघाली. मुंबईला नेली, ऑपरेशन झालं. बाई वाचली, आवाज गेला. कुजबुज तेवढी राहिली, तीही श्वासाची, पेंढ्यात उंदीर फिरावा तशी. सुगीचे दिवस होते. भात झोडायचं चाललं होतं आणि अंगणात सगळे मुद्दाम मोठमोठ्याने बोलत होते, जणू वहिनीच्या वाटचंही आपणच बोलून टाकावं. मी भेटून आले. तेव्हाही माझ्या डोक्यात काही आलं नाही. इतकी मी हुशार!

ते आलं नितेशच्या फोनवरून.

"आत्ये, माज्या हलदीची ती मूल कॅसेट हाय ना तुज्याकडं? सीडीत त नुसती बासरी हाय. पन कॅसेटमदी आईचा आवाज आसंल ना?"

मी रिसीव्हर या कानाचा त्या कानाला लावला.

"आत्ये?"

"असेल रे. शोधते हं."

"शोद. आईला सांगलंय मी. ती काय बोलली नाय, पन सकालपासून दोनदा इचारलान, आत्येचा फोन आला का."

त्या दिवसापासून मी जी उठले, ती महिनाभर बसलेच नाही असं मला आठवतं. टेप माझ्यासमोर होती आणि मी घरभर शोधत होते. माळा काढला, गाद्या उलट्या केल्या, तांदळाच्या पिंपात हात घातला. यांनी विचारलं, "काय हरवलंय?" तर म्हटलं, "चष्मा." चष्मा नाकावर होता. बाजारात जायची आणि काहीच न घेता यायची. गावाकडून कोणी विक्रम रिक्षातून उतरताना दिसलं की मी उलट्या फुटपाथला. फोन वाजला की यांना पुढे करायची. "सांगा, बाथरूममध्ये आहे." हे शेवटी वैतागले, "अगं, गावात समजतील तुला काहीतरी पोटाचं झालंय."

कॉम्प्युटर उघडून बघितला. जोडकामाची फाइल होती. उघडली, तर खालच्या पट्टीवर जिथे-जिथे चित्रं असायची, तिथे लाल फुल्या. प्रोग्रामला आठवत होतं की इथे काहीतरी होतं, इतकं लांब होतं, इथे कापलेलं होतं. पण ते जिथून घ्यायचं ती जागा मी रिकामी केलेली. एकामागोमाग एक लाल फुल्या. आयुष्यभर पोरांच्या वह्यांवर मी मारलेल्या, आज माझ्या पेपरावर.

मग टेप लावली. माझं भाषण. ऐकवत नव्हतं, पण पुढे ढकलायचा धीर होईना, कुठे एखादा कण राहिला असेल तर! मी बोलतेय, बोलतेय, मधे थांबून पाणी पितेय, टाळ्यांसाठी जागा सोडतेय. अखेर 'धन्यवाद' झालं. पडद्यावर मुंग्या आल्या. मी हात पुढे केला बंद करायला आणि मुंग्यांमधून एकदम पिवळं ऊन आलं.

मांडव. उखळ. मुसळ हवेत. भाषण टेपहून थोडंसं आखूड निघालं होतं आणि त्या उरलेल्या चिंधीत हळद शिल्लक होती. वहिनी डोळे उघडून सरळ माझ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघत होती, आणि तिचा तो खणखणीत, जाड, खरबरीत आवाज खोलीभर झाला:

"मेले, ती काली डबी ठेव तिकडं न् कांदं कापाला ये! शूटिंगनी कोनाचं पोट भरत नाय!"

मागे बायकांचा हशा. आणि टेप संपली.

गाणं नाही. एक ओळ नाही. जिने देव उठवले, त्या आवाजातलं उरलं काय, तर मला घातलेली शिवी. मी ती पुन्हा लावली. पुन्हा लावली. हे आतून आले, दारात उभे राहिले. म्हणाले, "हिरावहिनी का?" मी मान हलवली. ते म्हणाले, "मग जाऊन सांग तिला. आता चष्मा सापडला."

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. हॅन्डीकॅम पिशवीत. वहिनी अंगणात वाल सोलत बसली होती, गळ्याला पांढरं फडकं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बासरी का घातली तेही सांगितलं, सोसायटीतल्या बायकांचंही सांगितलं. मधे थांबले असते तर पुढचं बाहेर पडलं नसतं. नितेश दाराशी उभा होता. तो शेताकडे चालता झाला, आणि त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. ते बरोबरच होतं. मी त्याला कधी दोष दिला नाही.

वहिनीने वाल सोलणं थांबवलं नाही. मी हॅन्डीकॅमची ती इवलीशी काच तिच्यासमोर धरली आणि चिंधी लावली. "मेले, ती काली डबी ठेव तिकडं..." स्वतःचा आवाज ऐकून तिचे हात थांबले. खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. वाकून बघितलं तर हसत होती, आवाजाविना, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत. मला खूण करून कान जवळ घ्यायला लावला.

"गानी पुसलीस," ती कुजबुजली, "न् माजी शिवी तेवडी जपून ठेवलीस."

आणि मग, वाल बाजूला सारून: "त्या मुक्या हलदीत माजा तोंड त दिसतंय ना?"

दिसत होतं. सीडीत होतं. फक्त बासरी होती त्यावर.

चार दिवसांनी वहिनी आमच्या दारात हजर. हातात कापडी पिशवी, पिशवीत वाल, सुकट आणि उंबराची एक डहाळी. चप्पल काढायच्या आधी विचारलं, "कुटं हाय ती पेटी?" मी कॉम्प्युटरचा झालरवाला अंगरखा काढला. तिने सुतळीने डहाळी मॉनिटरच्या डोक्यावर बांधली, नीट ताठ उभी राहील अशी, आणि कीबोर्डला हळदीचं बोट लावलं. आमचे हे बघतच राहिले.

"मांडव नाय त धवला नाय," ती म्हणाली. श्वासाने म्हणाली, पण हुकूम तो हुकूमच.

मग आमची शाळा भरली. सीडी लावायची, आवाज बंद. पडद्यावर वहिनीचे ओठ. खुर्चीमागे उभी वहिनी स्वतःचेच ओठ वाचायची, कुठे शब्द आहे, कुठे श्वास आहे, आणि ती ओळ माझ्या कानात सोडायची. मिश्रीचा उग्र वास आणि त्यातून येणारे शब्द. मी ते गायचे. माझा आवाज! फळ्यावर खडू घासावा तसा. पस्तीस मिनिटांच्या तासाला ठीक. तालासाठी ती माझ्या पाठीवर बोटं आपटायची आणि सूर जिथे वर न्यायचा तिथे दंडाला चिमटा काढायची. दंडावर निळे डाग उठले. ओळीच्या शेवटी मी स्वर तोडला की डोक्यात टपली. "ठेव," कानात यायचं. "टाकू नको. ठेव." मी अख्खं आयुष्य उत्तराखाली दोन रेघा ओढून मोकळी झालेली बाई. ठेवणं मला कुठून जमावं?

रोज यायची. येताना वाल. मला गाणी येईनात, तरी यायची. एकदा मी रडकुंडीला आले, "वहिनी, सोडा ना. सुनांना शिकवा. पोरींना शिकवा. त्यांचे गळे बघा." तर म्हणाली, "त्यांना शिकवीनच. पन पुसलं त्यांनी नाय."

शेवटी एका दुपारी, वीज आहे तोवर, मी माइक जोडला. त्या प्रोग्राममध्ये चित्र चालू असताना त्यावर आपला आवाज भरता यायचा. मी पंखा बंद करायला उठले, तर वहिनीने हात धरून बसवलं. खालच्या रस्त्यावर भाजीवाली मेथी ओरडत होती. शेजारी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मी काहीच बंद केलं नाही. पडद्यावर वहिनीने तोंड उघडलं, इकडे पाठीवर बोटं पडली, आणि मी गायले. कुठे मागे पडले, कुठे पुढे धावले, एका ठिकाणी शिंकही आली. ती खूण सरकवून बासरी मी या टोकापासून त्या टोकापर्यंत घालवली.

वहिनी आता नाही. तिच्या सुनांना धवले येतात. बरे गातात, माझ्यापेक्षा तर पुष्कळच. पण तो ठेवलेला स्वर अजून कोणाला ठेवता येत नाही, आणि तो कसा होता हे मला आठवतं की आठवल्यासारखं वाटतं, हेही हल्ली सांगता येत नाही. खिडकीच्या काचा थरथरायला लागल्या की मी उठते ती त्यासाठी. घरभर काहीतरी शोधते. आमचे हे म्हणतात, "चष्मा?" मी म्हणते, "हो."

ती फीत सीडीवरून पेन ड्राइव्हवर आली, तिथून नातीच्या फोनमध्ये. बैल अजून बदामातूनच येतो; तो मी मुद्दाम ठेवलाय, आपला उद्धटपणा डोळ्यांसमोर राहावा म्हणून. त्या दिवशी नातीला ती पहिल्यांदा शेवटपर्यंत दाखवली. म्हटलं, बघ, म्यूट म्हणजे काय ते. तिने बघितली, आणि विचारलं, "पण आजी, हे ऐकून त्या काय म्हणाल्या?"

सांगते. डहाळी तशीच मॉनिटरवर होती, पानं थोडी सुकलेली. फीत संपली तेव्हा मी मागे वळून बघायची हिंमत करत नव्हते. खालची भाजीवाली पुढच्या गल्लीत गेली होती. वहिनीने माझ्या दंडावरच्या निळ्या डागांवरून एकदा अंगठा फिरवला, कानाशी वाकली आणि म्हणाली:

"मेले, तोंड माजा न् आवाज तुजा! उद्या माजी नातवंडं बोलतील ना, आमची आजी केवडी बेसूर गायची!"